पोळ्याचा खांदा आणि वर्षाचे जू

श्रावण अमावास्येच्या आदल्या सायंकाळी बैलांची खांदेमळणी होते. खांदा कोमट पाण्याने शेकावयाचा, त्यावर तूप वा लोणी आणि हळद चोळावयाची, आणि उद्याच्या जेवणाचे आमंत्रण बैलाच्या कानी घालावयाचे, असा हा आचार. त्याला पोथीचा आधार शोधीत बसण्याचे कारण नाही. त्यातले शहाणपण उघड आहे. वर्षभर जुवाखाली झाकलेला खांदा त्या सायंकाळी धन्याच्या हाताखाली येतो. सूज आहे काय, कातडे सोलवटले आहे काय, गाठ धरली आहे काय, हे चोळणाऱ्या बोटांना कळल्यावाचून राहत नाही. बाशिंग, झूल, बेगड, घुंगुरमाळा हे सर्व नंतरचे. पूजेचा आरंभ तपासणीने होतो.

ही तपासणी एका खांद्यापुरती न ठेवता समाजाने स्वतःकडे वळवावी, असे सुचविले की एक प्रश्न हमखास येतो. ‘बुवा, येथे माणसांचेच हाल कुत्रे खाईना, तेथे जनावरांचे दुःख हा समाजाचा प्रश्न कसा?’ प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला भूतदयेचे ठरीव उत्तर देऊन भागणार नाही.

पैठणची कथा सर्वांच्या ओळखीची. ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखाने वेद वदविले, एवढे घरोघरी ठाऊक असते. परंतु परंपरेने सांगितलेल्या या आख्यानात वेदांच्या आधी एक प्रसंग आहे. रेड्याच्या पाठीवर फटके बसले आणि त्यांचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले. श्रोत्यांची टाळी पडते ती वेदांपाशी. आमच्या मते आख्यानाचा प्राण त्या वळांत आहे. फटका मारणारा एक, खाणारा दुसरा आणि वळ उमटतो तिसऱ्याच्याच पाठीवर! ‘समाज’ या शब्दाचा अर्थ याहून नेमका कोणी सांगितला आहे?

आमच्या स्मृतिकारांनीही हा विषय केवळ दयेवर सोडला नव्हता. पराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नांगराला आठ बैल असणे हे धर्म्य, सहा हे उपजीविकेचे, चार हे निर्दयांचे आणि दोन हे बैलाच्या घातक्याचे लक्षण म्हटले आहे. आठही बैल एकदम जुंपा असा याचा अर्थ नव्हे. पाळीपाळीने जुंपावे, कोणाही एकावर दिवसभराचा भार पडू नये, हा आशय. भुकेला, तहानलेला, थकलेला बैल जुंपू नये, हेही तेथेच आहे. कौटिल्य तर हिशोबाचा पक्का. लहान पशूला काठीने दुखविल्यास एक वा दोन पण दंड, रक्त काढल्यास दुप्पट. पशू मोठा असेल तर याच्याही दुप्पट, आणि वर तो बरा होईपर्यंतचा खर्च मारणाऱ्याच्या माथी. औषधपाण्याचा खर्च अपराध्याकडून वसूल करण्याची ही कल्पना आजच्या कायदेपंडितांनी अवश्य पाहावी.

कारण आजचा कायदा काय म्हणतो? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या खाजगी विधेयकातून ज्याची चळवळ उभी राहिली, तो प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. त्या काळी तो मोठाच विचार होता. परंतु त्यातील पहिल्या अपराधाचा दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत, आणि तो आकडा साठ वर्षे उलटून गेली तरी तसाच. दंड वाढविणारा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला. त्याचा कायदा मात्र झाला नाही. इकडे शर्यतींची गोष्ट पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलगाडा शर्यती थांबविल्या, महाराष्ट्राने २०१७ साली दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. या शर्यतींत अटी मोडून बैलाला यातना दिल्या तर पाच लाखांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तोच बैल दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उसाची गाडी ओढताना पराणीने टोचला, तर पन्नास रुपये! घाटात धावणाऱ्या बैलाचे मोल एवढे आणि राबणाऱ्याचे एवढे, ही तफावत कोणाच्याच मनाला टोचत नाही, याचे नवल वाटते.

राबणाऱ्या बैलासाठी नियम नाहीत असे नव्हे. १९६५ चे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, पारा ३७ अंशांवर असता दुपारी बारा ते तीन जुंपू नये, खिळ्याची काठी वापरू नये. बैलाचा आकार आणि गाडीच्या चाकांचा प्रकार पाहून ओझ्याची मर्यादाही घालून दिली आहे. हे नियम पाळलेले पाहावयाचे असतील तर गळिताच्या हंगामात कोणत्याही साखर कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहावे. जू खांद्यात रुतलेले, चढावर गुडघे टेकलेले, तोंडाला फेस आलेला बैल पाहण्यास फार वेळ थांबावे लागत नाही.

त्या गाडीवर बसलेला गाडीवान क्रूर आहे काय? येथे आमचा आक्षेपकांशी मतभेद होतो. बीडकडून आलेल्या त्या माणसाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मोबदला टनावर, म्हणजे गाडीत दोन मोळ्या अधिक घातल्या तर उचल तेवढी लवकर फिटणार. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. माणसांची गणनाही अवजारात! याच व्यवसायातील स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली इतका गाजला की शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. एकाच गाडीत बैलाचा खांदा, गाडीवानाची उचल आणि त्याच्या घरधनिणीचे शरीर ही तिन्ही ओझी भरलेली असतात. आसूड गाडीवानाच्या हाती असला तरी त्याची दोरी लांबवर गेलेली आहे. पुरणात साखर वा गूळ घालणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरापर्यंतही ती पोचते. माणसांचे हाल आधी पाहा म्हणणाऱ्याला आम्ही एवढेच विचारू, की या गाडीतून माणसाचे हाल वेगळे काढून दाखवाल काय?

थकलेल्या बैलाचेही असेच. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेला कायदा राष्ट्रपतींच्या संमतीने २०१५ मध्ये अमलात आला आणि महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीसही बंदी झाली. भाविकांना समाधान झाले, ते स्वाभाविकच. परंतु सुरीपासून वाचलेला बैल दावणीला तरी असतो का? चारा परवडत नाही म्हणून तो रात्री हमरस्त्यावर सोडला जातो. असे सोडून देणे हाही १९६० च्या कायद्याने अपराधच आहे. देशातील गोवंशातील नरांची संख्या २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान सुमारे तीस टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टर हे त्याचे मोठे कारण खरे, पण उतारवयातील बैलाचा भार कोणी वाहावयाचा हे न ठरल्याने बैल ठेवण्याचाच धीर सुटत चालला आहे.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. सांगली जिल्ह्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये जुवाखाली एक फिरते चाक बसवून बैलांच्या मानेवरचा भार कमी करण्याची युक्ती काढली. आणि कारखान्यांनी मनावर घेतले तर याहूनही सोपी गोष्ट आहे. प्रत्येक गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते. तिच्यात किती ऊस होता हे किलोच्या हिशोबाने पावतीवर छापले जाते. कोणत्या बैलजोडीने मर्यादेबाहेर किती ओढले याचा पुरावा शोधण्यास पोलीस नको की पंच नको. तो कारखान्याच्या दप्तरात तारखेनिशी पडून आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होईल, गव्हाणीत पहिली मोळी पडेल. त्या समारंभास जाणाऱ्या सभासदांनी संचालकांना एवढेच विचारावे, की गाडीच्या पावतीवर कायद्याने ठरविलेली मर्यादा यंदापासून छापणार काय, आणि फेऱ्या वाढल्या तर वाढीव वाहतूक गाडीवानाला देणार काय.