होळकर संघ : वडिलांकडून मिळालेला ठेवा

गेल्या महिन्यात सहावीचे शिक्षक रजेवर असल्याने मी वर्गावर गेलो. गप्पांच्या ओघात विचारले, ‘सय्यद मुश्ताक अली कोण?’ एक चुणचुणीत मुलगा उठून म्हणाला, ‘सर, ती क्रिकेटची स्पर्धा आहे.’ वर्ग हसला नाही. इतरांनाही तसेच वाटत होते. उत्तर अगदीच चूक म्हणता येत नाही, कारण वीस षटकांच्या राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव आहेच. परंतु मुश्ताक अली ज्या इंदुरात जन्मले आणि २००५ साली जेथे त्यांनी देह ठेवला, त्याच इंदुरातील शाळेत हे उत्तर ऐकून मन खिन्न झाले.

खरे तर होळकर संघ १९५५ साली, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, इतिहासजमा झाला. माझी भक्ती वडिलांकडून आलेली. चौदा हंगामांच्या आयुष्यात या संघाने दहा वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला, हे आम्हा भावंडांना पाढ्यांबरोबरच पाठ झाले होते. कर्नल सी. के. नायडूंची करारी शिस्त, मुश्ताक अलींचे पुढे सरसावून खेळणे, सरवटे-जगदाळे-निंबाळकरांची चिकाटी, हे सारे वडील रात्री जेवणे आटोपल्यावर ओसरीवर बसून सांगत. महायुद्धाच्या काळात महूला लष्करी सेवेत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही त्यांच्या लेखी ‘आपला’च होता. १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा काढूनही आपण हरलो, हे सांगताना त्यांचा आवाज पडत असे.

मात्र त्यांची सर्वांत आवडती आठवण १९४६ च्या उपांत्य सामन्याची. वडील तेव्हा चौदा वर्षांचे. यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंग अशा सहा जणांनी एकाच डावात शतके ठोकली. हे सांगून झाले की वडील क्षणभर थांबत आणि म्हणत, ‘अरे, पण तो गरुडाचार! एकोणसत्तर षटके टाकली त्याने. तीनशे एक धावा गेल्या, पण चेंडू खाली ठेवला नाही. चार गडी घेतले.’ आपल्या संघावरचे प्रेम आंधळे नसावे, हे मला नीतिपाठाच्या पुस्तकातून नव्हे, या एका आठवणीतून कळले.

सुमारे तीस वर्षांपूर्वी एका रविवारी वडील म्हणाले, ‘चल, मुश्ताकसाहेबांना भेटून येऊ. एकदा नमस्कार करायचा आहे.’ मी नवा शिक्षक. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. ‘पुढच्या रविवारी जाऊ, बाबा,’ असे म्हणालो. तो रविवार कधीच आला नाही. दोघेही गेले. २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून प्रथमच रणजी करंडक जिंकला, तेव्हा ही बातमी सांगावी असे माणूस घरात उरले नव्हते.

तेव्हा वाटले, त्या मुलाला बोल लावून काय उपयोग? ज्याच्याकडे ठेवा होता, त्यानेच तो गाठोड्यात बांधून ठेवला. त्या दिवशी गणिताचा तास बाजूला सारून मी वर्गाला ते सहा शतकवीर सांगितले, आणि गरुडाचारही सांगितले. त्या सामन्यातून होळकर संघ पुढे गेला, हेही सांगितले.

मघाच्याच मुलाने विचारले, ‘सर, तुम्ही तो सामना पाहिला होता?’

‘नाही,’ मी म्हणालो, ‘माझ्या वडिलांनी पाहिला होता.’

‘मग मी घरी सांगतो,’ तो म्हणाला.