जुन्या गाडीत नुसता ‘गॅस भरणे’ पुरेसे नाही

उन्हाळा तापू लागला की गॅरेजसमोर एसीच्या कामासाठी रांग लागते. त्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, मालकाने हौसेने जपलेली एखादी गाडीही असते. ‘गॅस संपलाय, भरून द्या,’ एवढीच मागणी असते. पण अशा गाडीचे काम एवढ्यावर भागत नाही आणि ते चुकले तर नुकसान मालकापुरते राहत नाही.

त्या काळच्या गाड्यांच्या एसीत आर-१२ हा वायू असे. तो जळत नाही, सहसा विषबाधा करत नाही, म्हणून सर्वत्र रुळला. मात्र अशा वायूंमधील क्लोरीन ओझोनचा थर पोखरतो, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये मांडले. हा थर विरळ झाला की अतिनील किरण जमिनीवर अधिक पोहोचतात आणि त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-१२ मागे पडला. विकसनशील देशांना त्यासाठी २०१० पर्यंतची मुदत होती.

त्याच्या जागी आर-१३४ए आला. त्यात क्लोरीन नाही. पण जुना वायू काढला आणि नवा भरला, इतके ते सोपे नाही. कॉम्प्रेसरचे तेल वायूबरोबर फिरत असते. जुने खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते पाइपांत साचते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होऊ शकतो. म्हणून जुने तेल काढून एस्टर किंवा पॅग प्रकारचे तेल घालावे लागते. ओलावा शोषणारा ड्रायर आणि रबरी ओ-रिंग बदलाव्या लागतात. गळती तपासून व्हॅक्युम पंपाने आतली हवा व ओलावा खेचून काढावा लागतो. नवा वायूही मूळ वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरायचा असतो. जास्त भरला तर दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो.

यात दोन पळवाटा घातक आहेत. पहिली, उरलेला आर-१२ हवेत सोडून देणे. तो वातावरणात सुमारे शंभर वर्षे टिकतो आणि तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट तापमानवाढ घडवतो. दुसरी, स्वस्तात पडतो म्हणून एलपीजी भरणे. त्याने गारवा येतो, हे खरे. पण एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे असते. ती गळली तर ज्वालाग्राही वायू थेट बंद काचांच्या गाडीत, बसलेल्या कुटुंबाभोवती साठतो. मग एक ठिणगी पुरते.

आर-१३४ए देखील निर्दोष नाही. त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याच्याही वापरावर मर्यादा घातली आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरत राहणे म्हणूनच चूक आहे.

मालकाने गॅरेजमध्ये तीन प्रश्न विचारावेत: जुना वायू सिलिंडरमध्ये काढून घेतला का? तेल कोणते घातले? ड्रायर बदलला का? वायू आणि तेल यांची नोंद असलेली चिठ्ठी बॉनेटखाली लावून घ्यावी, म्हणजे पुढचा मेकॅनिक चुकणार नाही. आणि काढून घेतलेला वायू जमा करण्याची सोय शहराशहरांत करणे, हे शासनाचे काम आहे. ती सोय नसेल तर प्रामाणिक मेकॅनिकने तरी तो ठेवायचा कुठे?