आधी अंदाज, मग बेरीज

तिसरीतली आमची धाकटी परवा वही घेऊन स्वयंपाकघरात आली. ४८ आणि ३७ यांची बेरीज तिने केली होती ७१५! "अगं, लक्ष कुठं होतं तुझं?" मी खेकसलेच. पोरीचं तोंड एवढंसं झालं. "मला गणित येतच नाही," म्हणाली आणि वही मिटून बसली.

मैत्रिणींनो, चूक साधीच होती. आठ नि सात पंधरा. हातचा न घेता तिने ते तसेच मांडले. पण मला लागलं ते वेगळंच. सातशे हा आकडा तिला खटकलाच नाही!

गॅस बंद केला नि तिला जवळ घेतलं. "४८ कुणाच्या जवळ? चाळीसच्या की पन्नासच्या?"

"पन्नासच्या."

"आणि ३७?"

"चाळीसच्या."

"मग दोन्ही मिळून?"

"नव्वद!" आणि स्वतःचं ७१५ पाहून ती खुदकन हसली. खोडून तिनेच ८५ केले.

युक्ती एवढीच. एककाच्या घरात ५ किंवा जास्त असेल तर पुढचं दशक घ्यायचं, ४ किंवा कमी असेल तर मागचं. आपली भाषाही हेच शिकवते. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी!

सरावाला भाजीची पिशवी पुरे. २६, ३७, ४८ आणि १९ रुपयांच्या भाज्या घेतल्या, तर ३०, ४०, ५० आणि २० मिळून १४०. खरी बेरीज मात्र १३०. सगळेच आकडे वर गेले म्हणून दहा वाढले, हेही मुलांना दाखवा. अंदाज म्हणजे उत्तर नव्हे, उत्तराची राखण! पैसे पुरतील का हे पाहायचं असेल, तर मात्र सगळे आकडे वरच घ्यावेत. म्हणजे दुकानात ओशाळायला होत नाही.

शनिवारी वाण्याकडे १९८, ३१२, ८७ आणि १४५ असं सामान झालं. त्याने ८४२ सांगितले. मी पैसे काढणार, तोच धाकटीने पदर ओढला. "आई, साडेसातशेच्या आसपास हवेत ना?" पुन्हा बेरीज केली, तर ७४२!

शंभर रुपये वाचले, ते बरंच झालं. पण "मला गणित येत नाही" हे वाक्य त्या दिवसापासून घरात ऐकू आलेलं नाही.