आयसीयूत खाटा वाढतील, पण रात्रपाळीला सिस्टर किती?

नंदगड : मे २०२१ चे ते दिवस खानापूर तालुका अजून विसरलेला नाही. नंदगड, बीडी, हलशी, जांबोटी परिसरातून रुग्णाला घेऊन निघालेल्या गाड्या खानापूर मागे टाकून बेळगाव गाठायच्या. गाडीतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असायचा, आयसीयूत बेड मिळेल का? बेड मिळाला की घरच्यांना सुटल्यासारखं वाटायचं. पण त्या बेडजवळ रात्रभर कोण उभं राहणार, हे विचारायचं भान कुणालाच नव्हतं. देशभरात अनेक ठिकाणी तिथे उभी होती ती नुकतीच नर्सिंग पास झालेली, पहिलीच नोकरी करणारी मुलगी.

नर्सेस डे दरवर्षी १२ मे रोजी येतो. गुलाबपुष्प, शाल, फोटो असा कार्यक्रम ठरलेला. त्या निमित्ताने एका साध्या प्रश्नाचा हिशेब मांडायला हवा. नवख्या परिचारिकेला आयसीयूत पाठवायचं तर तिची तयारी कधी करायची? संकट आल्यावर की त्याआधी?

तीन मेचा निर्णय

दुसऱ्या लाटेत माणसं अपुरी पडू लागली, तेव्हा ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने निर्णय घेतला. बीएस्सी नर्सिंग आणि जीएनएम झालेल्यांना ज्येष्ठ डॉक्टर आणि परिचारिकांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी द्यायची. कोविडमध्ये १०० दिवस काम पूर्ण करणाऱ्यांना पुढील सरकारी भरतीत प्राधान्य द्यायचं, असंही ठरलं. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मान्यच आहे. पण त्या आदेशातले 'देखरेखीखाली' हे एका शब्दाचे काम प्रत्यक्षात सगळ्यात अवघड होते. ज्येष्ठ सिस्टर स्वतःच पॉझिटिव्ह, नाहीतर दुसऱ्या वॉर्डात अडकलेली. मग देखरेख करणार कोण?

वॉर्ड आणि आयसीयू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वॉर्डात सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, ताप-बीपी लिहिणे यावर नवी मुलगी महिन्याभरात हात बसवते. आयसीयूत रक्तदाब टिकवणारे औषध सिरिंज पंपातून थेंबाथेंबाच्या हिशेबाने जाते. पंप थोडा वेळ जरी रिकामा राहिला तरी बीपी कोसळू शकते. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला तर नळीत कफ अडकला, नळी निसटली, पाईप दुमडला की रुग्ण नुसता खोकला, हे काही सेकंदांत ओळखावे लागते. कोविडमध्ये बेशुद्ध रुग्णाला पालथे झोपवायचे असायचे. त्यासाठी चार-पाच जण लागतात आणि एकाने डोक्याशी उभे राहून फक्त नळी सांभाळायची असते. हे सगळं पीपीई किटमध्ये, घामाने चष्मा धूसर झालेला असताना. पाणी नाही, लघवीला जाता येत नाही.

त्यात भर नातेवाइकांची. आत कुणाला प्रवेश नाही, म्हणून फोन धरून रुग्णाचं तोंड दाखवणं हे कामही सिस्टरकडेच आलं. फक्त मराठी समजणाऱ्या म्हातारीला घाबरू नको म्हणून सांगणारी तीच आणि सकाळी घरच्यांच्या पहिल्या प्रश्नाला सामोरी जाणारीही तीच.

यंत्रे आली, हात कुठे?

पीएम केअर्स निधीतून ५० हजार व्हेंटिलेटर देण्याचे मे २०२० मध्येच जाहीर झाले होते. वर्षभराने, १५ मे २०२१ च्या आढावा बैठकीत पंतप्रधानांना राज्यांत पोहोचलेले व्हेंटिलेटर बसवले आणि चालवले जातात का, याचे तातडीने ऑडिट करायला सांगावे लागले. गरज असेल तिथे ते चालवण्याचे उजळणी प्रशिक्षण द्या, असेही त्याच बैठकीत सांगितले गेले. म्हणजे लाट ऐन भरात असताना प्रशिक्षणाची आठवण झाली.

आपल्या आसपास त्याच दिवसांत काय घडले, तेही आठवावे. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजन टाकीची गळती झाली आणि २० हून अधिक रुग्ण दगावले. मेच्या सुरुवातीला चामराजनगरमध्ये एका रात्रीत २४ मृत्यूंची बातमी आली. खानापूर तालुक्यातले अनेक जण उपचाराला गोव्यातही जातात. तिथे गोमेकॉत ११ मे रोजी पहाटे २ ते ६ या वेळेत २६ रुग्ण गेल्याचे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. ऑक्सिजन कधी येणार हे ठरवणे सिस्टरच्या हातात नव्हते. पण मॉनिटरवरचा आकडा खाली येताना पाहणारी तीच होती.

जबाबदारी मात्र तिच्यावर

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. परिचारिका संघटना रस्त्यावर उतरल्या. कोण दोषी हे ठरवायला न्यायालय आहे. पण वायरिंग, अग्निशमन, मनुष्यबळ यांचे निर्णय वर होतात आणि दुर्घटना घडली की हाताशी सापडते ती ड्युटीवरची सिस्टर, ही परिचारिकांची भावना त्या वेळी उघड झाली. आयसीयूत जायला नवी मुलगी कचरते, त्यामागे हेही कारण आहे.

हिशेब साधा आहे

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या पीएम आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत मिशनमधून देशातील ६०२ जिल्ह्यांत क्रिटिकल केअरची सोय करायची आहे. चांगलेच आहे. पण इमारत आणि यंत्र हा एकदाचा भांडवली खर्च. पगार हा दरमहाचा खर्च आणि सगळे अडते तिथेच.

केंद्राच्या जुन्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक, तर आयसीयूत एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. म्हणजे दहा खाटांच्या आयसीयूला तीन पाळ्यांत रोज ३० जणी लागतात. आठवड्याची सुट्टी धरली की ३५. आजारपण, बाळंतपण, हक्काच्या रजा धरल्या की आकडा चाळीसच्या घरात जातो. उद्घाटनाच्या बातमीत खाटांचा आकडा ठळक असतो, हा चाळीसचा आकडा मात्र कुठेच नसतो.

सीमाभागाची वेगळी अडचण

बेळगावात शिकलेल्या मुलीची नोंदणी कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलकडे असते. कोल्हापूर किंवा पुण्यात नोकरी मिळाली तर तिला महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. कागदपत्रांच्या या फेऱ्या दोन्ही बाजूंनी आहेत. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद तपासला जात होता, तेव्हा सीमा किती पक्की आहे ते सगळ्यांनी अनुभवले. २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आयोग कायद्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. तिचा खरा उपयोग सीमाभागालाच होईल.

त्याच वर्षी महाराष्ट्राने ८६५ सीमा गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली. कर्नाटकाने आक्षेप घेतला. कार्ड कुणाचे यावर भरपूर वाद झाला. पण कार्ड कुठल्याही राज्याचे असो, खाटेजवळ शिकलेला हात नसेल तर त्याचा उपयोग काय, हे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना विचारलेच गेले नाही.

करता येण्यासारखे

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. शांत काळातच वॉर्डातल्या सिस्टरना आळीपाळीने काही आठवडे आयसीयूत अनुभवी परिचारिकेसोबत ठेवावे, म्हणजे गरज पडली की त्या कोऱ्या नसतील. नव्या मुलीला रात्रपाळीत एकटीला सोडू नये. अनुभवी सिस्टर आयसीयूत टिकावी म्हणून तिला भत्ता आणि कायम नोकरी मिळावी. आणि प्रत्येक सरकारी आयसीयूच्या दारावर खाटांच्या संख्येसोबत त्या पाळीत हजर परिचारिकांची संख्याही लिहावी.

नंदगडहून बेळगाव सुमारे ३५ किलोमीटर. गाडी तासाभरात पोहोचते. सिस्टर तयार व्हायला मात्र चार वर्षांची पदवी आणि त्यानंतर आयसीयूत काढलेले कित्येक महिने लागतात. ते महिने लाट आल्यावर बाजारात विकत मिळत नाहीत. पुढच्या वेळी कुठल्या नव्या आयसीयूची फीत कापली जाईल, तेव्हा तिथे जमलेल्यांपैकी कुणीतरी एवढं विचारावं, साहेब, रात्रपाळीला सिस्टर किती?