कॅमेऱ्याचा विमा : खर्च की खबरदारी?

व्यापारी कुटुंबात विम्याचा विचार बहुधा दुकान, गोदाम आणि वाहन यांच्यापाशी थांबतो. कापडाचे गठ्ठे, किराण्याचा साठा, धान्याची पोती यांच्या विम्याचा हप्ता दरवर्षी न चुकता भरला जातो. मात्र त्याच घरातील धाकट्या मुलाने छायाचित्रणाचा व्यवसाय स्वीकारला, तर त्याच्या खांद्यावरील पिशवीत काही लाखांचा माल उघड्यावर फिरत असतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. खतावणीच्या दृष्टीने पाहिले तर कॅमेरा, भिंगे, दिवे आणि ड्रोन हेच त्याचे दुकान आहे. आणि हे दुकान रोज रात्री दुचाकीवरून प्रवास करते.

अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील वस्ती. अशा ठिकाणी छायाचित्रकाराची कमाई हंगामावर अवलंबून असते. तुळशीविवाहानंतर लग्नसराई सुरू होते, त्याच काळात उसाचे गाळपही चालू असते. आज शहागडला साखरपुडा, उद्या अंबडला विवाह, परवा गेवराईला वास्तुशांती, अशी धावपळ चालते. कार्यालयाच्या कोपऱ्यात ठेवलेली पिशवी नाहीशी होणे, मांडवातील गर्दीत कॅमेऱ्याची तिपाई कोसळणे, अवकाळी पावसात साहित्य भिजणे, रात्रीच्या परतीच्या वाटेवर अपघात होणे, हे सारे धोके या व्यवसायाच्या नित्याच्या वाटेवरच आहेत.

छायाचित्रणाचे साहित्य आणि विमा यांचे नाते महाराष्ट्रात जुने आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाचे तंत्र शिकण्यासाठी 1912 मध्ये लंडनला गेले, तेव्हा प्रवासासाठी व यंत्रसामग्रीसाठी लागणारे द्रव्य त्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून उभे केले. तेथून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यानेच पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ साकारला आणि 3 मे 1913 रोजी तो मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्या काळी विमा हा कॅमेरा मिळविण्याचा आधार ठरला. आज प्रश्न आहे तो मिळविलेला कॅमेरा टिकविण्याचा.

हा निर्णय घेताना पहिला हिशेब मांडावा तो साहित्याच्या यादीचा. प्रत्येक वस्तूचे नाव, तिचा अनुक्रमांक, खरेदीचे बिल आणि आज तीच वस्तू नव्याने घ्यावयाची झाल्यास लागणारी किंमत, असे चार रकाने आखावेत. नंतर प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न विचारावा : ही उद्या गेली तर धंदा थांबेल काय? हजार-दोन हजारांची बॅटरी वा पिशवी गेल्यास ती चालू कमाईतून घेता येते. तिच्यासाठी विम्याची गरज नाही. परंतु मुख्य कॅमेरा व भिंग भर हंगामात गेले, तर प्रश्न केवळ किमतीचा राहत नाही. पुढील दहा लग्नांचा बयाणा घेतलेला असतो, तिथी ठरलेल्या असतात. लग्नघटिका पुन्हा येत नाही. शब्द मोडला की पत जाते, आणि गेलेली पत बाजारात विकत मिळत नाही. ज्या नुकसानीने पत जाण्याची भीती आहे, त्या नुकसानीचा विमा असावा, हा साधा व्यापारी नियम येथेही लागू पडतो.

दुसरा हिशेब पॉलिसीच्या प्रकाराचा. घराच्या विम्यात कॅमेरा आपोआप समाविष्ट होतो, हा समज धोक्याचा आहे. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या वस्तू त्यातून सहसा वगळलेल्या असतात. दुकानाचा विमा मुख्यत्वे दुकानाच्या जागेतील मालाला संरक्षण देतो. लग्नमांडवातील कॅमेऱ्याला तो उपयोगी पडेलच असे नाही. फिरत्या साहित्यासाठी सर्वजोखीम स्वरूपाची वेगळी पॉलिसी मिळते. तीत झीज, बुरशी, ओरखडे, यंत्रातील आपोआप उद्भवलेला बिघाड, कारण न सांगता येणारी गहाळी आणि कुलूप नसलेल्या वाहनातून झालेली चोरी या गोष्टी बहुधा वगळलेल्या असतात. पॉलिसीत काय दिले आहे यापेक्षा काय वगळले आहे, ते आधी वाचावे. ड्रोनची बाब आणखी निराळी. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन वगळता इतर ड्रोनसाठी तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा आवश्यक आहे. तेथे घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्नच उरत नाही.

तिसरा हिशेब रकमेचा. हप्ता वाचविण्यासाठी किंमत कमी दाखविण्याचा मोह अनेकांना होतो. समजा, साहित्य 5 लाखांचे आहे आणि विमा 3 लाखांचा उतरविला. पुढे 1 लाखाचे नुकसान झाले, तर सरासरीच्या अटीनुसार 60 हजारच पदरात पडतात, कारण उरलेल्या भागाचा विमेदार व्यापारी स्वतःच समजला जातो. त्यातूनही ठरलेली प्रारंभिक रक्कम आणि घसारा वजा होऊ शकतो. म्हणून भरपाई नव्या किमतीने मिळणार की घसारा वजा जाता, हे पॉलिसी घेण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. व्यवसायासाठी भरलेला हप्ता व्यवसायाच्या खर्चात धरता येतो, हेही विसरू नये.

तरीही विमा घेणे न परवडणारे काही असतील. जुना, एकच कॅमेरा बाळगणाऱ्याने हप्त्याएवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी. हा मार्गही प्रामाणिक आहे. अट एवढीच की, त्या खात्याला घरखर्चाचा हात लागता कामा नये. शिवाय जवळच्या समव्यावसायिकाशी, अडचणीच्या दिवशी एकमेकांना साहित्य देण्याचा शब्द आधीच करून ठेवावा.

विम्याला एक मर्यादा मात्र कायमची आहे. जानेवारी 2003 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट फिती जळून गेल्या. असा ठेवा कोणत्याही रकमेने परत येत नाही. एखाद्याच्या लग्नाची टिपलेली छायाचित्रेही तशीच. कॅमेऱ्याची किंमत विमा देईल. कार्डातील सप्तपदी देणार नाही. म्हणून कार्य आटोपल्यावर घरी पोहोचताच छायाचित्रांच्या दोन प्रती काढून त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. त्यासाठी हप्ता लागत नाही, शिस्त लागते.

नुकसान झालेच, तर चोरीची फिर्याद पोलिसांत त्वरित नोंदवावी, कंपनीला विलंब न करता लेखी कळवावे आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत मोडलेली वस्तू दुरुस्तीस देऊ नये. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास, एकट्या मालकाच्या व सूक्ष्म व्यवसायालाही, नकारापासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तेथेही अखेर उपयोगी पडतात ती बिले आणि ती चार रकान्यांची यादी. विमा उतरविण्याचा निर्णय पुढे कोणताही होवो, ती यादी आजच करावी; तिची एक प्रत कॅमेऱ्याच्या पिशवीत न ठेवता घरच्या तिजोरीत ठेवावी.