किल्ली आपल्या खिशात पाहिजे

भूगोलाचा पेपर मी दिलाच नाही. २०२० च्या मार्चात दहावीचे बाकीचे पेपर झाले, भूगोलाचा तेवढा राहिला, आणि टाळेबंदी आली. बोर्डाने तो पेपर रद्द केला, इतर विषयांच्या सरासरीने मार्क दिले. न दिलेल्या पेपरात मी पास!

पुढं अकरावीला नाव घातलं तर कॉलेज मोबाईलमध्ये शिरलेलं. घरात फोन एक, शिकणारे दोघं. बहीण आठवीला. एकदाचा माझा नंबर लागला, बाईंनी प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. बरोबर दिलं. पण तोंडातून 'पाणी'च्या जागी 'पानी' गेलं. चौकोनाचौकोनातली तोंडं हसली. बाईपण हसल्या. मी म्यूट दाबलं आणि त्या वर्गाला परत गेलो नाही. आज गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली पोती वाहतो.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. मुक्यांना तोंड फुटावं म्हणून. बरोबर शंभर वर्षांनी आमच्या पिढीच्या तोंडावर म्यूटचं बटण बसलं. ह्याला नशीब म्हणायला मी तयार नाही. सरकारच्याच २०१७-१८ च्या नमुना पाहणीत देशातल्या १०० घरांपैकी २४ घरांत इंटरनेट होतं, कॉम्प्युटर जेमतेम ११ घरांत. आकडे सरकारच्या कपाटात होते. तरी दोन वर्षांनी अख्खी शाळा तारेवर टांगली. खाली पडणारी पोरं कुणाची, हे टांगणाऱ्यांना ठाऊक नव्हतं काय?

आता आपल्या वस्तीतल्या पोरांनी स्वतःचं ऑनलाइन शिकण्याचं व्यासपीठ उभारायचं ठरवलंय. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो, कंपनीचा फंड घ्या, तयार ॲप मिळेल, फक्त पोरांची नावं आणि नंबर द्यायचे. दुसरा म्हणतो, मोबाईलचं खूळ सोडा, रस्त्यावर उतरा. दोघंही माझे दोस्त आहेत. दोघंही चुकतात.

आधी रस्त्यावाल्याला. माझा आजा ह्याच गोदीत खांद्यावर हूक टाकून यायचा. टोळीनं जहाज रिकामं करायचा. मग कंटेनर आला. १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं, माल खाडीपलीकडं गेला, टोळ्या मोडल्या. आजा मरेपर्यंत कंटेनरला शिव्या घालायचा. पण लोखंडी पेटीचा काय गुन्हा? पाठीवरचं ओझं तिनं उतरवलंच की! गुन्हा हा, की पेटीची किल्ली आजाच्या खिशात नव्हती. यंत्राकडं पाठ फिरवली म्हणून यंत्र थांबत नाही. ते दुसऱ्याचं होऊन आपल्या अंगावर येतं.

आता फंडवाल्याला. फुकट ॲप फुकट नसतं. ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ साली ४९ देशांतली ऑनलाइन शिक्षणाची साधनं तपासली. दहातली जवळजवळ नऊ पोरांच्या माहितीशी असा खेळ करत होती, की त्यांच्या हक्कांवर गदा यावी. आपल्याकडं तर नुसतं आडनाव दिलं की जात कळते, पत्ता दिला की वस्ती कळते. ती यादी कुणाच्या हातात देताय? जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं सांगितलं होतं, की पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण वरच्यांच्या पोरांना. आता घामाबरोबर आपली माहितीही द्यायची आणि वर आभार मानायचे?

मग आपलं कसं असावं? माझ्या अडाणी डोक्यात आलं ते सांगतो.

साधनं आहेत. मूडल २००२ पासून फुकट आहे, कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं. कोलिब्री नावाचं तर इंटरनेटशिवाय चालतं. तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय कॉम्प्युटरवर धडे भरायचे, तो विहारात ठेवायचा, आजूबाजूच्या फोनवर वायफायनं धडे पोचतात. रिचार्ज संपला म्हणून शाळा संपत नाही. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०१७ पासून स्वामित्वहक्कातून मोकळी झालीत. ती आपल्या बोलीत उतरवायला, आवाजात भरायला कुणाच्या दारात उभं राहायला नको.

मास्तर? वस्तीतच आहेत. नर्स झालेली ताई आहे, वायरमन आहे, रेल्वेच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेला दादा आहे. मला तर त्या दोनदा नापासाचाच धडा पाहिजे. धडे आवाजात हवेत, कारण भांडी घासणाऱ्या आयांचे हात रिकामे नसतात, कान असतात. नाव नोंदवताना आडनाव विचारायचं नाही. पैसा घरटी दहा रुपये, हिशोब दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर. आणि रविवारी सगळ्यांनी समोरासमोर बसायचं. नुसता पडदा माणसाला एकटं पाडतो.

हे नवं नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघालं तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पाळी बघून शाळा ठेवायची, ही आपलीच परंपरा. शाळेची घंटा बघून पाळी सोडा, असं आपल्या माणसांनी कधी सांगितलं नाही.

एक भीती मात्र आहे, आणि ती बाहेरची नाही. आपलेच पुढारी उद्‌घाटनाला येतील, फोटो काढतील, पासवर्ड स्वतःच्या मेहुण्याला देतील. पोरीचा फोन रात्री नऊला काढून घेणारे बाप आपल्याच गल्लीत राहतात. जयंतीला डीजे लावायला वर्गणी निघते आणि घरटी दहा रुपये म्हटलं की दारं लागतात. म्हणून समितीत निम्म्या बाया पाहिजेत, शोभेच्या नाही, सही करणाऱ्या. पासवर्ड तिघांकडं, आणि दरवर्षी माणसं बदलायची. एवढं जमत नसेल तर कंपनीला नावं ठेवू नका, आपणही छोटी कंपनीच आहोत.

दोस्तांनो, पहिला धडा मी देतो. भूगोलाचा. पोत्यांवर आणि पत्र्याच्या गुंडाळ्यांवर देशांची नावं छापलेली असतात. कुठला माल कुठून येतो, कुठं जातो, वाटेत कोण किती कमावतो आणि उचलणाऱ्याच्या हातात काय उरतं, एवढं सांगतो. राहिलेला पेपर असा देतो.

आणि समुद्राला मी पानीच म्हणणार. हसायचं असेल त्यानं म्यूटवर जावं.

जय भीम.