प्रबंधातील अंक : गद्याचे आणि गणिताचे

मराठीतून लिहिलेला अर्थशास्त्राचा प्रबंध उघडला की परीक्षकाची नजर प्रथम कोष्टकांवर पडते आणि बहुधा तेथेच तिला ठेच लागते. मजकुरात देवनागरी अंक, कोष्टकात ज्यांना आपण ‘इंग्रजी’ म्हणतो ते अंक, समीकरणात त्याच अंकांचे तिसरेच वळण आणि तळटिपांत या सर्वांची सरमिसळ, असा प्रकार सर्रास आढळतो. विद्यार्थ्याने हे जाणूनबुजून केलेले नसते. टंकलेखकाने जे उमटवले ते त्याने स्वीकारलेले असते. आणि मार्गदर्शकही ‘अंक बरोबर आहेत ना, मग झाले’ म्हणून पुढे जातो. सूची कशी द्यावी, समास किती सोडावा याविषयी काटेकोर असणारे आपण या बाबतीत मात्र बेफिकीर आहोत.

ज्यांना आपण इंग्रजी अंक म्हणतो ते मुळात इंग्रजी नव्हेत. भारतात जन्मलेली ही दशमान अंकपद्धती अरबांच्या हातून पश्चिमेस गेली. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ साली आपल्या ग्रंथातून तिची महती युरोपातील व्यापाऱ्यांना पटवून दिली. आपल्या घटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात संघराज्याच्या कारभारासाठी ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असा शब्दप्रयोग आहे, तो याच जाणिवेतून आलेला आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत राजभाषेच्या प्रश्नाइतकाच अंकांचा प्रश्नही तापला होता. तथापि ती तरतूद संघराज्याच्या शासकीय कामकाजापुरती आहे. मराठी प्रबंधात कोणते अंक असावेत, याचे उत्तर तिच्यात शोधणे व्यर्थ होय. ते आपल्यालाच ठरवावे लागेल.

ठरवताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. काही संख्या भाषेच्या असतात, काही गणिताच्या. ‘१९७२ च्या दुष्काळात’ यातील १९७२ ही कोणी बेरीज-वजाबाकी करण्यासाठी लिहिलेली संख्या नव्हे. ते एका वर्षाचे नाव आहे. मागणीच्या समीकरणातील गुणांक मात्र आकडेमोडीचा अवयव असतो. हा भेद मराठीपुरता नाही. संगणकावर गणिती मजकूर जुळवण्यासाठी ‘टेक’ ही प्रणाली निर्माण करणारे स्टॅनफर्डचे डोनाल्ड क्नूथ यांनी १९८९ च्या ‘काँक्रीट मॅथेमॅटिक्स’ या सहलिखित ग्रंथात मजकुरासाठी एक टंक वापरला आणि गणितासाठी हेर्मान त्साफ यांनी रेखलेला दुसरा. दोहोंतील अंकांची वळणे निराळी असल्यामुळे, ही संख्या इंग्रजी गद्याची की गणिताची, हा निर्णय जागोजाग घ्यावा लागला. ज्यांची लिपी एकच, त्यांनीही हा खटाटोप केला. आज ‘लाटेक’ वापरणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच अनुभव येतो. गणिताच्या खुणांच्या आत लिहिलेला पाच एका टंकात उमटतो, बाहेर लिहिलेला दुसऱ्या. इंग्रजीत हा फरक वळणापुरता राहतो. मराठीत तो डोळ्यांत भरतो.

माझे मत असे की, गद्यात देवनागरी अंक ठेवावेत आणि समीकरणांत आंतरराष्ट्रीय. गद्याच्या बाजूने कारण साधे आहे. देवनागरी अंकांची उंची आणि गोलाई त्याच लिपीच्या अक्षरांशी मिळतीजुळती असते. परक्या टंकातून आणलेला अंक शिरोरेषेच्या वर डोके काढतो किंवा खाली खुजा राहतो. गणिताच्या बाजूची कारणे अधिक व्यावहारिक आहेत. आपल्या समीकरणांतील चल रोमन आणि ग्रीक अक्षरांनीच दाखवले जातात. त्यांच्या शेजारी देवनागरी गुणांक उपरा दिसतो. घातांकात देवनागरी शून्य अंशाच्या चिन्हासारखे भासते. बारीक टंकात १ आणि ९ यांची गल्लत होते, आणि घातांक किंवा पादांक तर नेहमी बारीकच असतात. शिवाय ५, ८ व ९ यांची एकाहून अधिक वळणे प्रचलित आहेत. टंक बदलला की वळण बदलते.

कोष्टकांचा प्रश्न खरा अवघड. सगळी कोष्टके एका जातीची नसतात. तालुकावार लागवडीचे क्षेत्र किंवा कुटुंबांचे उत्पन्न सांगणारे कोष्टक हे गद्याचेच संक्षिप्त रूप आहे. ते देवनागरीत असावे, आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या रीतीनेच पडावेत. प्रतिगमनाचे गुणांक व त्यांच्या प्रमाण त्रुटी देणारे कोष्टक समीकरणाच्या कुळातले. ते आंतरराष्ट्रीय अंकांत असावे. (देवनागरी कोष्टकात एक दक्षता हवी : काही टंकांत सर्व अंकांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे एककाखाली एकक येत नाही. टंक निवडण्यापूर्वी दहा ओळींची बेरीज मांडून पाहावी.) आणि मजकुरात त्या गुणांकाचा उल्लेख आला तर? येथे गद्याचा नियम ताणू नये. वाचकाला तो आकडा मागील पानावरील कोष्टकाशी पडताळून पाहायचा असतो. म्हणून तो कोष्टकातल्याच रूपात यावा. त्याच वाक्यातील वर्ष मात्र देवनागरीत राहील. एका वाक्यात दोन प्रकारचे अंक काहींना खटकतील. मला ते क्षम्य वाटतात, कारण वाचकाला त्यांचा अर्थ लागतो.

‘सर्वत्र देवनागरीच’ असा आग्रह धरणाऱ्यांची कळकळ मी समजू शकतो. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील संख्यावाचनावरून जो गदारोळ झाला, त्यावरून संख्या हा मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे हे दिसलेच. परंतु समीकरणेही देवनागरी अंकांत लिहा म्हटले की विद्यार्थ्याला संगणकाने दिलेला प्रत्येक आकडा हाताने पुन्हा उतरवावा लागतो, आणि प्रत्येक उतरवणीत चुकीला वाव मिळतो. उलट ‘सर्वत्र आंतरराष्ट्रीयच’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सोयीचा आहे, आणि मला त्याचेच अधिक भय वाटते. पाठ्यपुस्तक, वीजबिल, बँकेचा संदेश यांतून देवनागरी अंक आधीच मागे हटत आहेत. इंग्रजीतून गणित शिकलेला मराठी विद्यार्थी ते वाचताना क्षणभर अडखळतो, हे मी वर्गात नेहमी पाहतो. जाणत्या गद्यातूनही ते गेले, तर पुढच्या पिढीला आजोबांची हिशेबाची वही वाचताना अक्षरे कळतील, रकमा कळणार नाहीत.

माझ्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध ‘अंकांत एकवाक्यता नाही’ असा शेरा मारून परत पाठवण्यात आला. कोणती एकवाक्यता हवी, हे विचारल्यावर संबंधित कार्यालयाला सांगता आले नाही. नियमावलीत त्याविषयी अक्षरही नव्हते. तिने अखेर सर्व अंक एकाच प्रकारचे केले आणि त्या घाईत दोन कोष्टकांतील दशांशचिन्हे जागची हलली. हे टाळण्यासाठी मोठ्या समितीची गरज नाही. मराठी माध्यमाच्या प्रबंधांसाठी विद्यापीठांनी अर्ध्या पानाची सूचना काढावी, तिच्यात वरील किंवा त्याहून सयुक्तिक असा एक संकेत द्यावा. आणि ज्याला तो मान्य नसेल त्याने आपला संकेत प्रस्तावनेत दोन ओळींत नमूद करून शेवटपर्यंत पाळावा, एवढी मुभाही ठेवावी. तोवर मार्गदर्शकांनी हा विषय टंकलेखनाच्या आदल्या दिवशी न काढता पहिल्या प्रकरणाच्या वेळीच काढलेला बरा.